टॅबची पाटीपूजा

आमच्या आप्पांशी, म्हणजे आजोबांशी, मी सगळ्यात मोठ्याने भांडले ते दसऱ्याला. माझी भाची चिऊ शाळेत जात नाही, घरीच टॅबवर शिकते. त्या दिवशी अकरा वाजता तिची ऑनलाइन परीक्षा होती आणि आप्पांनी टॅब पाटीपूजनाला मांडला, थेट कॅमेऱ्यावर हळदकुंकू लावून!

“आप्पा, परीक्षा बुडेल तिची!”

“पुजलेल्या पाटयेक आज हात लावूचो नाय. काळाचौकीच्या चाळीत आमी कधी लावूक नाय.”

“ही पाटी नाहीये हो!”

“मगे चिऊ शिकता कशावर?”

मी तणतणत टीचरना फोन लावला. त्या हळूच म्हणाल्या, “उद्या घेऊ या का? माझा लॅपटॉपही आईने पूजेत ठेवलाय.”

यंदा आप्पा नाहीत. टॅबला कुंकू मीच लावलं. कॅमेरा सोडून.