चिकूचा जामीन

आजच्या सभेचे अध्यक्ष सरपंच फुल्हेन्सियो, मंचावर घाम पुसत बसलेले पाद्रीबाबा, उत्सवमूर्ती शेतकी खात्याचे इंजिनियर बाल्तासार साहेब, त्यांच्या जागी आलेले नवे साहेब, आणि जेवणाच्या वासाने अस्वस्थ झालेल्या बंधुभगिनींनो,

निरोपाचं बोलायला मला उभं केलंय, कारण साहेबांना या गावात अडकवलं ते मीच.

नवे साहेब बसलेत म्हणून सांगतो. आपल्या युकातानात झाड फळेना, की ईस्टरच्या आदल्या शनिवारी, चर्चची घंटा झाली रे झाली, त्याला धमकवायचं. नवऱ्याने कोयता उगारायचा, "फळतोस की पाडू?" बायकोने झाडाच्या वतीने गयावया करायची, "असू द्या हो, पुढच्या वर्षी देईल." की कोयता खाली. माझ्या वडिलांनी लावलेला चिकू असा दरवर्षी वाचायचा. पण त्या वर्षी, त्या सकाळी मी बायकोच्या, कासिल्दाच्या, घेवड्याला खारट म्हणून बसलो होतो.

मी कोयता उगारला. बायको गप्प! कुंपणापाशी अख्खा गाव. मी दबक्या आवाजात म्हटलं, "अगं, बोल की!"

ही कमरेवर हात ठेवून म्हणते, "पाडा ना! खारट हाताची बाई काय रदबदली करणार?"

आता घाव घालावा तर वडिलांचं झाड जातंय, न घालावा तर अब्रू. करू काय, मंडळी? तेवढ्यात त्याच आठवड्यात रुजू झालेले हे बाल्तासार साहेब धावत आले, झाडाला मिठी मारून ओरडले, "थांबा काका! मी जामीन राहतो!"

संपलं! जामीन राहिलेला माणूस झाड फळेपर्यंत सुटत नाही, हे त्यांना कुठलं ठाऊक?

त्यांनी आळं केलं, खत घातलं. शेवटी म्हणाले, "काका, फुलं येतात नि गळतात. एकटं आहे हो हे. याला दुसऱ्या जातीची जोड हवी."

कासिल्दा लगेच, "आणि तुम्हाला?"

साहेब लाजले आणि शेजारी दुसऱ्या चिकूचं कलम लावून मोकळे झाले. दोनदा बदली आली, दोनदा त्यांनी वर कळवलं, "जामीन आहे, निघता येत नाही." कलम फुलावर येईस्तोवर आमच्याच ओट्यावर जेवले. तो घेवडा मागून मागून खाल्ला! आम्हाला मूलबाळ नाही. माझं घर भरलं होतं, हे उघड सांगतो.

यंदा झाड लगडलं. साहेबांचा शब्द पुरा झाला, उद्या सकाळी त्यांची बस आहे. फळ धरत होतं तेव्हा एका दुपारी कासिल्दा झाडाखाली दिसली. खोडाला हात लावून म्हणत होती, "एवढं एक वर्ष नको रे फळूस." चिकूने ऐकलं नाही.

ऐकून घेतलंत, उपकार झाले. म्हाताऱ्याची जीभ कुठे घसरली असेल तर पोटात घाला. बाहेर टोपल्यांत त्याच झाडाचे चिकू आहेत, मनसोक्त खा. फक्त गोड आहेत असं कासिल्दासमोर कुणी म्हणू नका.