हॉलिसच्या मळ्यातली बुजवलेली विहीर

ऐका. जवळ सरका. दाराशी कोण बसलंय, आत या.

ही गोष्ट आपल्याकडची नाही. लेकीकडे अमेरिकेत, मिनेसोटात गेलो होतो ना, तिथं शेजारच्या म्हातारीनं सांगितली. हे तिच्या आजी-आजोबांच्या बाबतीत घडलेलं.

हॉलिस नावाचा शेतकरी होता. थंडीचे दिवस. तिकडे थंडीत साडेचारलाच अंधार पडतो बघा. बाजार उरकून घोडागाडीनं एकटाच घरी निघाला. त्या दिवशी मळ्यातली जवळची वाट धरली. त्या वाटेवर बुजवलेली विहीर होती.

विहिरीत कोण? एलोफ. स्वीडनचा माणूस. विशीत बोटीनं आलेला, भाषा येत नव्हती, हातात फक्त फावडं. विहिरी खणायचा. माती जिभेवर ठेवून सांगायचा, पाणी किती हातांवर आहे. हिल्माशी लग्न झालं, एक मुलगी झाली, तीच या म्हातारीची आई.

हॉलिसची विहीर खणताना माती सुटायला लागली. एलोफ म्हणाला, "मालक, कडेनं फळ्या लावू. दोन दिवस लागतील."

"दोन दिवसांत जमीन गोठेल. उतर खाली."

उतरला. संध्याकाळी माती कोसळली. हॉलिसनं गावात सांगितलं, एका क्षणात गेला बिचारा. आणि विहीर बुजवली.

तर गाडी चाललीये. चाकांखाली आवाज. खच्च. खच्च. फावड्याचा. जमीन दगडासारखी गोठलेली, खणतंय कोण? हॉलिसनं घोडा दामटला. आवाज गाडीबरोबर खालून चालू. पुढे वाटेत बादली, भरलेली. सगळीकडे बर्फ, आणि बादलीतलं पाणी हलतंय. घोडा अडला. कंदील विझला. हॉलिस उतरला, लगाम हाताला गुंडाळून ओढायला लागला, तर पाय रुतले. गोठलेल्या जमिनीत, हं. घोट्यापर्यंत.

खालून आवाज आला. अगदी शांत.

"मालक, मी किती वेळ हाका मारत होतो?"

"मला काही ऐकू आलं नाही."

गुडघ्यापर्यंत गेला.

"किती वेळ?"

"थोडाच वेळ."

कमरेपर्यंत.

"किती वेळ?"

"तास. दोन तास."

छातीपर्यंत. घोट्याभोवती ओली बोटं आवळली.

"सकाळपर्यंत," हॉलिस रडायला लागला. "रात्रभर. मी वर बसून होतो. फळ्यांचं कुणी विचारेल म्हणून कुणाला बोलावलं नाही. सकाळी तू हाका मारत होतास, तरी मी माती लोटली."

"हिल्माला सांग."

बोटं सुटली. घोडा उधळला, त्याच्या ओढीनं हॉलिस बाहेर आला. बूट खालीच राहिले.

बर्फातून अनवाणी तो हिल्माच्या दारात गेला. सगळं सांगितलं. सकाळी तिनं गाव जमवलं, विहीर उघडायला लावली. आत काय? एलोफ पडलेली माती कोरत, पायऱ्या करत वर आला होता. हॉलिसनं वरून लोटलेली माती काढली, तर अवघ्या दोन हात खोलीवर त्याचं डोकं.

हिल्मा हॉलिसला एवढंच म्हणाली, "दोन हात."

पुढे त्याच्या पायांची बोटं गारठ्यानं झडली. गावात त्याच्याशी कुणी बोललं नाही, त्याच्या मरणालाही कुणी गेलं नाही.

एलोफला चर्चच्या आवारात पुरलं. पण म्हातारी म्हणाली, हाडं गेली, राग तिथंच राहिला. अंधार पडला की अजून खणल्याचा आवाज येतो.

तुमची पोरं आता तिकडे शिकायला जातात, म्हणून सांगून ठेवतो. त्या वाटेनं जायचं नाही. गेलातच, आणि खालून कुणी काही विचारलं, तर पहिल्याच खेपेला खरं सांगा.