मी फक्त चष्मा द्यायला गेलो होतो

नाही, पण मला एक सांगा, चष्मा द्यायला आलेल्या माणसाच्या गळ्यात कुणी ॲप्रन घालतं का हो? घालतं का? तुमच्या दारात पेपर टाकायला आलेल्याला तुम्ही भांडी घासायला बसवता का? नाही ना? मग! पण आमच्याकडे… जाऊ दे, पहिल्यापासूनच सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा उगाच कटकट करतोय. कटकट करतोयच, पण उगाच नाही करत.

तर झालं काय, अकरा वर्षांपूर्वी मी पोस्टातून रिटायर झालो. पस्तीस वर्षं पोस्टमन! पस्तीस वर्षं जिने चढलो, कुत्री अंगावर घेतली, त्यामुळे रिटायर झाल्यावर माझा कार्यक्रम एकदम ठरलेला होता, खुर्ची आणि खुर्चीत मी, बस्स. आणि आमच्या हिचा कार्यक्रम अगदी उलटा! ही म्हणजे माझी बायको. शाळेत गाणं शिकवायची, माझ्या आधी वर्षभर रिटायर झाली आणि दर शनिवारी लागली कोठीवर जायला. कोठी म्हणजे आमच्या रस्त्याच्या टोकाचा हॉल, तिथे शिधा वाटतात. तांदूळ, डाळ, पीठ, कांदे-बटाटे, टिनच्या डब्यातल्या भाज्या, फळं. ज्याला लागेल त्यानं यायचं, पिशवी भरून न्यायची, का म्हणून कुणी विचारत नाही. मी रिटायर झाल्यावरच्या पहिल्याच शनिवारी ही तिकडे गेली आणि चष्मा राहिला टेबलावर. आता चष्म्याशिवाय हिला डब्यांवरच्या तारखा कशा दिसणार? म्हटलं देऊन येऊ, दहा मिनिटांचं काम, चहावर बशी झाकली आणि निघालो. बशी झाकून गेलो होतो हो मी! तो चहा संध्याकाळी सहा वाजता प्यालो.

दारातच नर्सबाई. ह्या पूर्वी हॉस्पिटलात होत्या, आता कोठीच्या मुख्य, पण आवाज अजून वॉर्डातलाच. "या या! उशीर केलात! तुमच्या मापाचा एकच उरलाय!" असं म्हणून ॲप्रन घातला गळ्यात, मागून गाठ मारलीसुद्धा. मी म्हटलं, अहो बाई, मी फक्त चष्मा द्यायला आलोय. "हो हो, द्या ना, आणि मागच्या खोलीत डबे आहेत, धूळ बसलीय, तेवढे जरा पुसून घ्या!" मी हिच्याकडे बघितलं, ही कांद्याच्या पोत्याआड तोंड लपवून हसतेय. चष्मा मुद्दाम विसरली होती की काय, देवाला माहीत. शेवटपर्यंत कबूल केलं नाही तिनं.

बरं, आता पुसून घ्या म्हणजे काय? फडकं मारा! एवढंच ना? पण माझं मेलं काम चोख! मी मोठा टब घेतला, गरम पाणी ओतलं, साबण टाकला आणि दोनशेच्या दोनशे डबे आत सोडले. म्हटलं आंघोळच घालू! तासाभरानं येऊन बघतो तर… लेबलं! पाण्यावर लेबलं तरंगतायत! इकडे वाटाणे तरंगतायत, तिकडे अननस तरंगतायत, खाली डबे सगळे चकचकीत, नागडे, आणि सगळे एकसारखे! तुम्हाला सांगतो, पस्तीस वर्षांत ज्या माणसानं एक पत्र चुकीच्या दारात टाकलं नाही, त्यानं पहिल्याच दिवशी दोनशे पत्ते स्वतःच्या हातानं धुऊन काढले! मी तिथेच स्टुलावर बसलो. नर्सबाई आल्या, बघितलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "पोस्टमन, हे काय केलंत?" ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

आता आत काय आहे ते माहीत नसलेला डबा कुणाला द्यायचा कसा? एखाद्याला काही सोसत नाही, एखाद्याला काही चालत नाही. टाकायचा तरी कसा, चांगलं अन्न आहे! सगळे माझ्याकडे बघतायत, मी जमिनीकडे बघतोय, आणि ही शांतपणे पुढे आली, एक डबा उचलला, कानाशी धरला, हलवला. "अननस." दुसरा हलवला. "मका." तिसरा. "हे सूप आहे, घट्ट." अहो, गाणं शिकवणारीचा कान तो! सत्तर पोरांच्या वर्गात कोण बेसूर गातंय ते पाठमोरी उभी राहून सांगायची, तिच्यापुढे अननसाची काय कथा? संध्याकाळपर्यंत बसून दोनशे डबे तिनं हलवले आणि मी खडूनं वर नावं लिहिली. नर्सबाई म्हणाल्या, "सगळं खरं, पण खडूच्या भरवशावर मी वाटणार नाही." मग न्हावी म्हणाला… आमचा कोपऱ्यावरचा न्हावी, सोमवारी दुकान बंद म्हणून बाकीचे सहा दिवस बोलतो, तो म्हणाला, "काका, त्यात काय, आपणच खाऊ! सगळ्यांना बोलवा!"

आणि अशी सुरू झाली ती बेनाम डब्यांची जेवणं. दर हिवाळ्यात एक रविवार, दुपारी. तसं आमच्या कोठीचं वर्षभर काही ना काही चालूच. वसंतात लोक रोपं घेऊन यायचे, एकमेकांत वाटायचे, उन्हाळ्यात हॉलमागच्या मैदानात बँड वाजायचा, त्यात ट्रम्पेटवाल्याला ट्रम्पेट सोडून सगळं येत होतं, पावसाळा सरला की भोपळ्याच्या सूपचा दिवस, एवढाल्या पातेल्यात ही डाव फिरवायची आणि गाणं म्हणायची, आणि रांगेतली माणसं भांडं हातात धरून तिच्या मागून म्हणायची. काय दिवस होते हो! पण सगळ्यात गर्दी बेनाम डब्यांना. नियम एकच, डबा उचला, हलवा, आत काय ते सांगा आणि मग उघडा. बरोबर आलं तर डबा सगळ्यांच्या ताटात, चुकलं तर एकट्यानं, चमचा घेऊन, सगळ्यांसमोर, तळापर्यंत संपवायचा! ही कधी चुकली नाही. आणि मी? मी अकरा वर्षांत एकदाही बरोबर आलो नाही. एकदासुद्धा नाही! अननस म्हटलं, निघाला टोमॅटोचा नुसता गर, चमचा चमचा खाल्ला. पुढच्या वर्षी सूप म्हटलं, निघाला नारळाचा घट्ट रस. एकदा तर मांजराचं खाणं निघालं, तेव्हा मात्र नर्सबाईंनी वैद्यकीय कारणावरून सूट दिली. मी हिला म्हणायचो, एक वेळ मांजराचं चालेल, पण बीट नको निघायला. बीट आणि मी, आमचं लहानपणापासून जमत नाही. हिनं चाळीस वर्षं प्रयत्न केले, कोशिंबिरीत लपवलं, कटलेटमध्ये लपवलं, भातात लपवलं, मी वेचून वेचून ताटाच्या कडेला लावायचो. "अहो, रक्त वाढतं!" म्हटलं वाढू दे, आहे तेवढं पुरे आहे.

आणि लेबलं धुतली एकदाच हं मी, पण लोकांना इतकी गोडी लागली की पुढे घरून लेबलं सोलून डबे आणायला लागले! देणगी म्हणून! आता ह्यालाही मीच जबाबदार?

तुम्ही म्हणाल, एवढी कटकट होती तर जायचं नाही. अहो, मी तर फक्त चष्मा द्यायला गेलो होतो! पण एक गोष्ट सांगतो. पहिल्या महिन्यात मी वाटपाला उभा राहिलो ना, तर रांगेत सगळी माझ्याच टपालाच्या हद्दीतली माणसं. ज्यांच्या दारात मी वर्षानुवर्षं पत्रं टाकली, मुलांचे निकाल, परगावच्या लेकींची खुशाली, ती माणसं पिशवी घेऊन समोर. त्यांना अवघडल्यासारखं नको म्हणून मी मान खाली घालायचो. ही घरी येऊन म्हणाली, "मान कसली खाली घालता? त्यांना वाटतं तुम्हालाच लाज वाटतेय. सरळ बघा आणि विचारा, कांदे मोठे देऊ का लहान?" दुसऱ्या शनिवारी मी बघितलं सरळ. कांदे मोठे देऊ का लहान? पुढची बाई म्हणाली, "मोठे द्या, आणि पोस्टमन, माझं पार्सल तेव्हा भिजवलं होतंत तुम्ही!" झालं, भांडलो आम्ही दहा मिनिटं. रांग खोळंबली, पण बरं वाटलं दोघांनाही.

मग ही आजारी पडली. तो हिवाळा फार वाईट गेला. जेवणाच्या रविवारी ती अंथरुणात, मला म्हणाली, "तुम्ही जा, आणि येताना माझ्या वाटणीचा डबा आणा." आणला. कानाशी धरला तिनं, मी खालून आधार दिला. हलवला. आणि हसायला लागली! अशी हसली, अशी हसली, की खोकला लागला, मी पाणी दिलं. म्हटलं काय आहे? "कळलं मला." अगं, मग सांग की! "नाही सांगणार. तुम्ही ओळखा." पुढच्या महिन्यात ती गेली. तीन वर्षं झाली.

डबा राहिला माझ्याकडे. पुढच्या हिवाळ्यात सगळे म्हणाले, काका, उघडा. मी म्हटलं, पुढच्या वर्षी. त्याच्या पुढच्या वर्षीही म्हटलं, पुढच्या वर्षी. रोज सकाळी कानाशी धरून हलवायचो. डुब… डुब… असा आवाज. काय कळणार मला कप्पाळ? आणि उघडून चुकलो असतो तर? म्हणजे चुकणार तर होतोच, पण तिचं शेवटचं कोडं होतं हो ते. उघडलं की संपलं.

पण डब्याच्या बुडाला तारीख होती. ठोकलेली, धुतली तरी न जाणारी. ह्या वर्षीच्या, ह्याच महिन्याची. आणि ही गेल्यापासून कोठीवर तारखा तपासायचं काम कुणाकडे? माझ्याकडे! हिचाच चष्मा लावून, गुलाबी दांडीचा, हसा, न्हावी रोज हसतो. तारीख उलटली की डबा बाद, मग तो कुणी का दिलेला असेना, असं मीच सगळ्यांना ऐकवतो. आता स्वतःचा डबा लपवू कसा? नर्सबाईंनी नुसतं बुडाकडे बघून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं ठीक आहे, उघडतो, पण ऐका, हा उघडला की माझं काम संपलं, ॲप्रन परत. त्या म्हणाल्या, "बरं."

रविवारी हॉल भरलेला. मी उभा राहिलो, डबा कानाशी. एरवी कालवा असतो, त्या दिवशी चमचा वाजला नाही. डुब… डुब… मी म्हटलं, पीच. तिला पीच फार आवडायचे. बरोबर की चूक हा विचारच नव्हता डोक्यात, मला ते पीच असायला हवे होते, इतकंच. न्हाव्यानं डबा धरला, मी ओपनर फिरवला, झाकण वर केलं…

बीट.

लालभडक! काठोकाठ! गोल गोल चकत्या! अहो, म्हणजे त्या दिवशी तिला कळलं होतं. आत बीट आहे हे कळलं होतं, मी चुकणार हे माहीत होतं, आणि चुकलो की सगळ्या गावासमोर चमच्यानं तळापर्यंत संपवावं लागणार हेही! म्हणून हसत होती! चाळीस वर्षं जमलं नाही ते तिनं गेल्यावर जमवलं! हॉलमध्ये कुणाला कळेना हसावं की काय करावं, नर्सबाई डोळे पुसत म्हणतात, "पोस्टमन, चूक. चमचा घ्या." आणि मला जे हसू फुटलं! हसतोय आणि रडतोय आणि खातोय, शर्टावर सगळा लाल रस. तिचं हसू मला तीन वर्षं उशिरा पोचलं हो. एवढ्या उशिरा मी कधी कुणाचं टपाल पोचवलं नाही.

संपवलं सगळं. तळापर्यंत. तुम्हाला वाटेल, आता म्हणेल की बरं लागलं. अजिबात नाही! घाण लागलं!

मग ॲप्रन काढला, घडी घातली, नर्सबाईंच्या हातात दिला. सगळ्यांना भेटलो. घरी आलो, खुर्चीत बसलो. अकरा वर्षांनी खुर्ची! सोमवार छान गेला. मंगळवारी पेपर उघडला आणि लक्षात आलं, चष्मा! गुलाबी दांडीचा! राहिला की तिकडेच!

म्हटलं शनिवारी जाऊ, घेऊन येऊ, दहा मिनिटांचं काम. चहावर बशी झाकली आणि गेलो. दारात नर्सबाई. "या या, बरं झालं आलात, मागच्या खोलीत पाणी शिरलंय, चाळीस डब्यांची लेबलं गेली!" मी म्हटलं, बाई, मी चष्मा न्यायला आलोय, त्या डब्यांतलं मला काही कळत नाही. आणि सहज, अगदी सहज हो, समोरचा एक डबा उचलला, कानाशी धरला. डुब… डुब…

माझ्या तोंडून निघून गेलं, "बीट."

न्हाव्यानं लगेच उघडला. बीट! जन्मात पहिल्यांदा बरोबर! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या संपायच्या आत मागून गाठ मारलेली होती. आता बेनाम डबा आला की आधी माझ्याकडे, पोस्टमन, बीट आहे का बघा. जगातला एकच आवाज मला ओळखता येतो, आणि तो बिटाचा! आणि त्या एवढ्यावर हे लोक मला सोडत नाहीत. चहा गार होतोय तिकडे… अहो, मी फक्त चष्मा आणायला गेलो होतो!