गिव्ह अप वापरून वाक्य करा

— आता उभ्याउभ्या काय विचारता, रविकिरणराव, बसा की. मुलीचं इंग्रजी कसं हाय, ती काय काय बोलली, हे विचारायला हैदराबादच्या गाडीतून उतरून सरळ माझ्याकडं? घरी अर्धापूरला गेलाच न्हाई अजून? — हाव का. बरं. ती खुर्ची नको, ती हलते, हिच्यावर बसा. अगं विनीता, चहा टाक, किशनरावांचे चिरंजीव आलेत, परवा साखरपुडा हाय त्यांचा! — तर ऐका. तुमच्या वडलांनी मला शिरूर अनंतपाळला मुलगी बघायला नेलं ते कशाला? चुरमुऱ्याचा सुशीला खायला न्हाई. तुमच्या घरात केळीची पारख करणारे ढीगभर, पण इंग्रजीचं एक वाक्य कळंल असा माणूस न्हाई — राग मानू नका, खरं ते खरं. म्हणले, पोरगा मोठ्या कंपनीत, साहेबलोकांच्या बायकांत सुनेला चार शब्द बोलता आले पाहिजेत, सर तुम्ही तपासून घ्या. बैल घेताना दात बघायला जाणता माणूस नेतात ना, तसं. मला सगळेच नेतात. सोयरीक म्हणली की सरांना गाडीत पुढं बसवा, अन् मागं हे सगळे — ज्यांना स्वतःची सही करताना घाम फुटतो ते. त्या दिवशी हिलाही घेतलं होतं, बायकांत बसायला कुणीतरी लागतंच.

आता माझी पद्धत ठरलेली हाय. व्हॉट इज युवर नेम असलं पोरकट मी विचारत न्हाई, ते पोरी पाठ करून येतात. मी म्हणतो, गिव्ह अप वापरून रोजच्या जगण्यातली वाक्यं कर. गिव्ह अप म्हणजे सोडून देणं, सातवीच्या पोराला ठाऊक असतं — पण वाक्य कर म्हणलं की भल्याभल्यांची बोबडी वळते! वर्गात मी फळ्यावर दर वर्षी एकच वाक्य लिहायचो — माय वाइफ गेव्ह अप हर जॉब. माझ्या बायकोनं नोकरी सोडली. सोपं, घरातलं, डोक्यात पक्कं बसतं. ही मुलींच्या शाळेत गाणं शिकवायची ना — सोडली. म्हणजे मीच म्हणलं सोड, घराकडं कोण बघणार? पण वाक्य बघा कसं ठसलं. अजून बाजारात जुना विद्यार्थी भेटला की हिच्याकडं बघून ते म्हणून दाखवतो अन् हसतो. हिला आवडत न्हाई. हिला काहीच आवडत न्हाई. — अगं, चहाचं काय झालं?

हां, तर तनुजा. आली, डोक्यावरचा पदर सावरत पाटावर बसली. बाप हणमंतराव नुसता हात जोडून उभा, नवीन सदरा, त्याची घडीसुद्धा मोडली न्हाई. मी म्हणलं, बेटा, गिव्ह अप. वाटलं, ही काय बोलते! तर पोरगी म्हणाली, आय गेव्ह अप टी. चहा सोडला. ठीक. सगळे माझ्या तोंडाकडं बघून राहिले, मी मान हलवली, तशा सगळ्यांच्या माना हलल्या — मेंढरं! मग म्हणाली, माय फादर टेल्स मी टू गिव्ह अप कॉलेज. बाप कॉलेज सोड म्हणतो. बाप शेजारीच उभा, हसून राहिलाय, त्याला वाटलं पोरगी आपलं नाव काढून राहिली. मग तिसरं — फार्मसीचं शेवटचंच वर्ष राहिलं, आय डू नॉट वॉन्ट टू गिव्ह अप. मला सोडायचं न्हाई. वाक्य सरळ, स्पष्ट, मी खोटं बोलणार न्हाई, उच्चारही बरे. अन् मग माझ्याकडं डोळ्याला डोळा लावून — सर, प्लीज टेल देम. सर, तुम्ही सांगा ह्यांना. आता ह्यात गिव्ह अप कुठं हाय? प्रश्नाच्या बाहेरचं वाक्य. मी मनातल्या मनात अर्धा मार्क कापला.

मग तुमचे वडील म्हणले, सर, काय म्हणली हो पोरगी? — आता तुम्हीच सांगा, काय सांगायचं मी? समोर ताटात सुपारी, आत पुरणाचा वास, दोन्हीकडची माणसं मिशीला पीळ देऊन बसलेली — सांगू, की न्हाई म्हणते म्हणून? त्यांची काय लायकी ते ऐकायची! गोंधळ घातला असता, अन् आपण उपाशी परत. मी म्हणलं, ती म्हणते, संसारासाठी सगळं सोडायची तयारी हाय. — काय टाळ्या पडल्या! तिथंच सुपारी फुटली. मला टॉवेल-टोपी. मला! इंग्रजीच्या माणसाला टॉवेल-टोपी, ती पण घसरणारी. पोरगी तेवढी तशीच बसून राहिली, उठ म्हणेपर्यंत उठली न्हाई.

असं का बघून राहिलात? — हो, कॉलेज खुशीनं सोडते असं वडलांनी तुम्हाला कळवलं ते बरोबरच हाय, माझ्याच तोंडचं हाय ते. मग? पोरी आधी असंच बोलतात हो, लग्न झालं की विसरतात. ही विसरलीच ना, विचारा हिला. — फोन कशाला काढता? तिचा नंबर? साखरपुड्याआधी देत न्हाईत त्यांच्यात, मी कुठून देऊ? — आणलास का गं चहा? कप कुठं हाय? हा मोबाइल कशाला? — कुणाचा नंबर? तनुजाचा? तुझ्याकडं कसा? तिथं स्वयंपाकघरात घेतलास, अन् मला सांगितलं न्हाईस? नका हो उतरवून घेऊ, रविकिरणराव, बायकांचं काय ऐकता — अहो, वडलांना तरी विचारा! — जा मग, जा. अंगणातनं कशाला, बाहेर जाऊन लावा फोन. साखरपुड्याचा विचका झाला तर माझं नाव घेऊ नका. पुढच्या वेळी दुसरा मास्तर शोधा म्हणावं!

दार लाव गं. — चप्पल कशाला घालून राहिलीस? त्याच्यासोबत? शिरूरला? हणमंतरावाला तू सांगणार, पोरगी काय म्हणाली ते? तुला काय कळलं होतं त्यातलं, गाणं शिकवणारीला? — काय? परत म्हण. मोठ्यानं म्हण, तोंडातल्या तोंडात नको.

आय गेव्ह अप. शी विल नॉट.

…मी सोडलं. ती सोडणार न्हाई.

वाक्य… वाक्य बरोबर हाय.