गौरीची खासगी नोंद

— नाही, लॅपटॉप नंतर उघडा शर्वरी, आधी बसा. वधूवर मंडळाची नवी साइट तुम्ही करणार ना, मग जुनीत काय घाण होती ते ऐका. अध्यक्षांनी, भय्यासाहेबांनी, सांगितलं असेल — अपर्णाताई पॉलिटेक्निकात कॉम्प्युटर शिकवायच्या, त्यांना विचारा. आता मला विचारतात. जानेवारीत मी स्वतः भय्यासाहेबांकडे गेले होते. आडनाव शोधायच्या रकान्यात मी एक अवतरणचिन्ह टाकलं, नुसतं एक, आणि पानभर एरर आली, आतल्या टेबलांच्या नावांसकट. मतलब काय? मतलब माणसाने लिहिलेलं जसंच्या तसं डेटाबेसच्या हुकुमाला चिकटवत होते. आडनाव लिहा नाहीतर हुकूम लिहा, त्याला दोन्ही सारखंच. तर भय्यासाहेब म्हणाले, "ताई, सब अपने ही लोग हैं, कोण करतंय?" चहा पीत म्हणाले. किळस आली मला.

केलंच कोणीतरी. फेब्रुवारीत सगळी यादी बाहेर — फोन, पत्ते, पगार. यादीतल्या एका मुलीला, केतकीला, दिवसाला तीस-तीस फोन, तेही कसले, ते सांगवत नाही. आणि खासगी नोंदी, ज्या फक्त समितीने पाहायच्या. आमच्या माधव नगरातली गौरी, शाळेत शिकवते — तिने लिहिलं होतं की लहानपणी फिट यायच्या, नऊ वर्षांपासून औषधही नाही, बोलणं पुढे गेलं की मी स्वतः सांगीन. ते तिच्या वर्गातल्या मुलांच्या आयांनी मोबाइलवर वाचलं. एकीने मुलाचा वर्ग बदलून मागितला.

आणि ज्याने साइट केली होती, त्याने दुरुस्ती काय केली? अवतरणचिन्हं पुसून टाकायला लागला. झालं म्हणे. अहो, वयाच्या रकान्यात नुसता आकडा जातो, तिथे अवतरण लागतच नाही — तिथून आत जाता येत होतंच की. तुम्ही असलं काही करू नका. हुकूम आधी पक्का करा, जागा रिकाम्या सोडा, लिहिलेलं नंतर त्या जागेत भरा — प्रिपेअर्ड स्टेटमेंट, तुम्हाला माहीत आहे, सगळ्यांना माहीत असतं, करत कोणी नाही. कॉलमचं नाव असं भरता येत नाही, तिथे तुमची ठरलेली यादी ठेवा, बाहेरचं काही घेऊ नका. साइट ज्या खात्याने डेटाबेसात शोधते, त्या खात्याला खासगी टेबलाचा हक्कच नको. तेवढं असतं ना, तरी भोक राहिलं असतं, पण गौरीची नोंद कुणाच्या हाती लागली नसती.

काय? शोधायच्या रकान्यातूनच ते टेबल वाचता येतं, हे मला कसं कळलं? टेस्ट केली. भोक आहे म्हटल्यावर कुठवर जातं ते पाहायला नको? एकच नोंद उघडली. एकच. — हो, तिचीच. आमचा मंदार, माझा भाचा, दोनदा भेटला होता तिला, टावर चौकात, खूश होता. मी वेगळं काय केलं, घरातल्या मोठ्या माणसाने चौकशी करायचीच असते. ताईला, त्याच्या आईला, एवढंच म्हटलं, राहू दे हे स्थळ. पत्रिका जमत नाही असं कळवलं आम्ही. आणि मग भय्यासाहेबांकडे गेले, भोक सांगायला. आधी नाही. मग.

परवा गौरी आली होती, इथेच, तुम्ही बसलात तिथे. म्हणाली, "काकू, यादी फुटली फेब्रुवारीत. तुमचा नकार जानेवारीतला. मंदारला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, पत्रिका. तर म्हणाली, "पत्रिका तुम्हीच जमवली होती, काकू. छत्तीसपैकी अठ्ठावीस, तुम्हीच हसत सांगितलं होतं." आवाजही चढवला नाही तिने. पाणीसुद्धा न पिता गेली. तेव्हापासून मला माझ्याच हाताचं गिळवत नाही, खरं सांगते. यादी फोडणारा निदान तिला ओळखत नव्हता.

हे तुमच्या रिपोर्टात नको. मी तुम्हाला घरचं म्हणून — काय म्हणालात? जुन्या सर्व्हरचा लॉग मिळाला? कधीपासूनचा?

डिसेंबरपासूनचा.

आणि कुठल्या घरच्या इंटरनेटवरून कोण आत आलं, तेही दिसतं त्यात.

निघा तुम्ही आता. चपला बाहेर डावीकडे आहेत.