एका दाराचा रंग

दुकानात रंग फवारायला हवेचा कॉम्प्रेसर बघणारे एक वयस्कर गृहस्थ रांगेत माझ्या पुढे होते.

“गाडी रंगवायची तर मोठ्या टाकीचाच घ्या, काका,” दुकानदार त्यांना म्हणाला.

“अरे, तो सुरू झाला की शेजारचं कुत्रंही पळेल. गॅरेजच्या भिंतीपलीकडे बायको झोपून असते. तिला आवाज सोसत नाही.”

“मग हा छोटा घ्या, आवाज कमी आहे. पण अर्ध्या बॉनेटलाच हवा संपेल. भरेपर्यंत थांबलात की रंगात पट्टे उमटणार.”

“एक दार सलग होईल?”

“दार होईल. पण बाकीची गाडी?”

“डॉक्टरांनी हात टेकलेत. तिला गाडी निळी झालेली बघायचीय.”

“एका दारानं गाडी निळी कशी होईल, काका?”

“गाडी अंगणात उभी केली की तिच्या खिडकीतून तेवढंच दिसतं. हाच बांधून दे.”