रसायनशास्त्राचा निकाल

अमेरिकेतल्या अर्बाना गावातल्या दंतवैद्याकडे गाल सुजवून बसलेल्या ग्लेनला हसायची सोय नव्हती, आणि शेजारचं म्हातारं जोडपं काही गप्प बसेना.

"एकच माणूस कॉम्प्युटरवर एका वर्गाला शिकवतो आणि दुसऱ्या वर्गात शिकतो, हा म्हणे त्या कंपनीचा शोध! वर पेटंट!"

"अगं डोरीन, तू तर चौऱ्याहत्तर सालीच लॅटिन शिकवायचीस आणि रसायनशास्त्र शिकायचीस. एकाच मशीनवर!"

"कंपनीविरुद्ध लढणारा वकील तेच म्हणतो. पुरावा द्या, पेटंट रद्द करून दाखवतो."

"त्याच मशीनने छापलेला, शिकवण्या-शिकण्याची दोन्ही नोंद असलेला तुझ्या निकालाचा कागद आहे ना माळ्यावर?"

"आहे."

"मग अडलंय कुठे?"

"मी पास झाले असं तुला सांगितलं, म्हणून तू मला स्टेक खायला नेलंस आणि तिथेच लग्नाची मागणी घातलीस."

"हो, मग?"

"मग काही नाही. लावू दे की बिचाऱ्या कंपनीला शोध."